गाडीच्या कागदावरचे आकडे : घाटात धंदा करणाऱ्यांनी काय वाचावे?

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. सातपाटीचे सुके बोंबील असोत, नाशिकचा कांदा असो, भिवंडीचे कापड असो की पालघरहून येणारे लोखंड असो, प्रत्येक माल चार चाकांवरच घाट चढून येतो. इथला मोगरा, आंबा, काजू, नागली, वरई आणि गवतही चार चाकांवरच घाट उतरून जाते. त्यामुळे इथल्या दुकानदाराला, बेकरीवाल्याला, वेल्डिंगवाल्याला, सुताराला आणि आठवडा बाजार फिरणाऱ्या व्यापाऱ्याला आज ना उद्या गाडी घ्यावीच लागते. घर सोडले तर आयुष्यातली ही सर्वांत मोठी खरेदी असते, पण बहुतेक बंधू ती रंग, हप्ता आणि शेजाऱ्याचा शब्द यांवरच करून मोकळे होतात.

आम्हीही एकेकाळी असेच केले. जुना छोटा टेम्पो घेतला आणि हौदा मोठा दिसला म्हणून रेती काठोकाठ भरली. घाटाच्या निम्म्यावर क्लच प्लेट जळाली, मागचे दोन पाटे तुटले आणि रात्र रस्त्यात काढावी लागली. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी विचारले, "शेठ, गाडीचे कागद वाचले होते का?" आम्ही वाचले नव्हते. त्या दुरुस्तीत गेलेल्या पैशांत जो धडा मिळाला, तो वाचकांना फुकट मिळावा म्हणून हा लेख आहे.

पहिला आकडा : वजनाचा

गाडीच्या आर.सी.वर दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे मालासह एकूण वजन, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी जी.व्ही.डब्ल्यू. म्हणतात. दुसऱ्यातून पहिले वजा केले की गाडी किती भार वाहू शकते ते कळते. गाडी किती टनाची पास आहे असे आपण विचारतो, त्याचे खरे उत्तर या वजाबाकीत आहे.

समजा, एका छोट्या टेम्पोचे एकूण वजन १५५० किलो आणि रिकामे वजन ८०० किलो आहे. म्हणजे भार ७५० किलो. पण ड्रायव्हर आणि हमाल यांचे वजनही यातच धरायचे. दोघांचे १३० किलो वजा केले तर मालासाठी ६२० किलो उरतात. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे बारा गोण्या. तेरावी गोणी टाकली की गाडी कायद्यानेही जादा भरलेली ठरते आणि पाट्यांच्या दृष्टीनेही.

आता आमची रेतीची चूक पाहा. हौदा ७ फूट लांब, ५ फूट रुंद आणि १ फूट उंच होता. गुणाकार केला तर ३५ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास होतो आणि एक ब्रास रेती साधारण साडेचार टन भरते. म्हणजे ३५ घनफूट रेती दीड टनाहून जास्त झाली. ६२० किलोच्या जागी आम्ही अडीचपट भार चढवला होता. हौदा भरला म्हणजे गाडी भरली हा समज गवत, फर्निचर आणि ब्रेडच्या क्रेटपुरता ठीक आहे. रेती, लोखंड, फरशी आणि सिमेंट यांच्या बाबतीत हौदा बराच रिकामा असतानाच गाडी भरलेली असते.

लोखंडाचे काम करणाऱ्या बंधूंनी एक सोपे सूत्र पाठ करून ठेवावे. गोल सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. येणारा आकडा म्हणजे एका मीटरचे वजन किलोत. १२ मि.मी. सळई घेतली तर १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ८९० ग्रॅम. १२ मीटरची एक पूर्ण सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरते. दुकानातून निघण्यापूर्वीच किती सळया भरायच्या ते ठरवता येते.

जादा भरण्याची शिक्षाही आता किरकोळ राहिलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. एका फेरीत वाचवलेले भाडे या हिशेबात कुठेच बसत नाही.

वजनाचे आणखी दोन आकडे ध्यानात ठेवावेत. पहिला ३००० किलोचा. ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन ३००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहतुकीच्या परमिटमधून सूट आहे. परमिटची सूट म्हणजे फिटनेस आणि विम्याची सूट नव्हे, हे मात्र विसरू नये. दुसरा ७५०० किलोचा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोच्या आतील मालवाहू गाडीही चालवू शकतो, त्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. छोटा टेम्पो आणि पिकअप दोन्ही या मर्यादेच्या आत येतात.

सीसी म्हणजे ताकद नव्हे

बाजारात पहिला प्रश्न असतो, "किती सीसीची आहे?" सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढी जागा मोकळी करतो तिचे माप, घन सेंटिमीटरमध्ये. १००० सीसी म्हणजे एक लिटर. हे भांड्याचे माप आहे. भांड्यात काय शिजते ते पुढच्या दोन आकड्यांवरून कळते.

एक आकडा शक्तीचा. तो कधी बीएचपी, कधी पीएस, तर कधी किलोवॅटमध्ये लिहितात. एक बीएचपी म्हणजे ७४६ वॅट आणि एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट. एकच इंजिन एका कागदावर ५५.९ किलोवॅट, दुसऱ्यावर ७५ बीएचपी आणि तिसऱ्यावर ७६ पीएस असे दिसते. तिन्ही बरोबर आहेत. विक्रेता दोन गाड्यांची तुलना करून दाखवत असेल तर दोन्ही आकडे एकाच मापात आहेत का ते आधी पाहावे. किलोवॅटला १.३४ ने गुणले की बीएचपी मिळते.

दुसरा आकडा टॉर्कचा. आपल्या भाषेत त्याला ओढ म्हणू या. नट घट्ट बसला असेल तर मिस्त्री पान्याला पाइप लावतो. हात तोच, पण लांबी वाढल्याने पीळ वाढतो. इंजिनाचा हा पीळ न्यूटन मीटरमध्ये मोजतात. जुन्या कागदांवर तो किलो मीटरमध्ये असे. त्या आकड्याला ९.८१ ने गुणले की न्यूटन मीटर होतात.

दोन्ही आकड्यांपुढे आरपीएम लिहिलेले असते, म्हणजे मिनिटाला इंजिनाचे किती फेरे झाल्यावर तो आकडा मिळतो. ते वाचल्याशिवाय आकडा अपुरा आहे. उदाहरण घ्या. पेट्रोलवरच्या मारुती ईकोचे ११९७ सीसी इंजिन ८१ पीएसच्या जवळपास शक्ती देते. डिझेलवरच्या महिंद्रा बोलेरोचे १४९३ सीसी इंजिन ७६ पीएस देते. नुसते पीएस पाहिले तर ईको वरचढ वाटते. पण ईकोची ओढ सुमारे १०४ न्यूटन मीटर आहे आणि तीही ३००० फेऱ्यांवर. बोलेरोची ओढ २१० न्यूटन मीटर आहे आणि ती १६०० फेऱ्यांवरच हाती येते.

याचा अर्थ ईको घाट चढत नाही असा नाही. खालच्या गियरमध्ये इंजिन फिरते ठेवले तर ती चढते. फरक इतकाच, की डिझेल गाडी वळणावर वेग कमी झाला तरी कमी फेऱ्यांत ओढ धरून ठेवते आणि गियर कमी बदलावा लागतो. रोज भरलेल्या गाडीने तोरंगण घाट किंवा जव्हारचा चढ चढायचा असेल तर हा फरक मोठा आहे. गावातल्या गावात ब्रेड पोहोचवणाऱ्यासाठी तो फारसा नाही.

चढाचा हिशेब

२००५ साली टाटा एस बाजारात आली आणि छोटा हत्ती या नावाने घराघरांत पोहोचली. तिचे पहिले डिझेल इंजिन ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि १६ अश्वशक्तीचे होते. एवढ्या इंजिनाला घाटात काय काम पडते ते मोजून पाहू.

माल आणि माणसे धरून गाडी १५५० किलोची आहे आणि चढ दहास एक आहे, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. गाडीला मागे खेचणारा जोर तिच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे १५५ किलो. टायर रस्त्यावर फिरवण्यासाठी आणखी २३ किलोच्या आसपास. एकूण १७८ किलो. ताशी २० किलोमीटर वेगाने हा भार ओढायला चाकांपाशी १३ अश्वशक्ती लागते. गियर बॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये साधारण दहावा भाग खर्च होतो, म्हणजे १६ पैकी चाकांपर्यंत चौदा-साडेचौदाच पोहोचतात. थोडक्यात, कायदेशीर भार भरलेला असतानाच इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद लागलेली असते.

आता ५०० किलो जादा चढवा. त्याच शक्तीत वेग ताशी १५ किलोमीटरवर येतो. पुढे बैलगाडी किंवा एस.टी. आडवी आली आणि थांबून पुन्हा निघायचे झाले, तर सगळा ताण क्लच प्लेटवर पडतो. आमची प्लेट अशीच जळाली.

यात उंचीचाही वाटा आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर शंभर मीटरला साधारण एक टक्का घटते, म्हणजे इथे चार-पाच टक्के. टर्बो हवा दाबून भरत असल्याने त्या इंजिनाला ही घट कमी जाणवते.

कागदावर ग्रेडेबिलिटी नावाचा आकडाही असतो. २० टक्के लिहिले असेल तर शंभर मीटर आडव्या अंतरात वीस मीटर उंची चढण्याची क्षमता. तो आकडा ठरलेल्या भारावरचा असतो. भार वाढवला की तो लागू राहत नाही.

उतरताना सोपा नियम असा, की ज्या गियरमध्ये चढ चढला त्याच गियरमध्ये उतरावे. फक्त ब्रेकवर भरलेली गाडी उतरवली तर ब्रेक तापून निकामी होतात. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणारे बंधू चार थेंबांसाठी जीव पणाला लावतात.

लांबी, रुंदी आणि जमिनीपासूनची उंची

ही सर्व मापे मिलिमीटरमध्ये असतात. ३०५ ने भागले की फूट मिळतात. लिहिलेल्या रुंदीत बाजूचे आरसे सहसा धरलेले नसतात. दुकानामागच्या बोळात किंवा घराच्या फाटकातून गाडी न्यायची असेल तर दोन्ही बाजूंना वीतभर जागा जादा धरावी.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतले अंतर. ते जास्त असेल तर गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पण वळायला जास्त जागा घेते. वळणाचा आकडा वाचताना सावध राहावे. काही कागदांवर त्रिज्या असते, काहींवर व्यास. ४.३ मीटर त्रिज्या आणि ८.६ मीटर व्यास हे एकच वळण आहे.

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे ते. डांबरी रस्त्याला १६० मि.मी. चालते. पाड्यांवर जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्यावर, पावसाळ्यात चाकोऱ्या खोल गेल्यावर, १८० मि.मी. असले तर डिफरन्शियल आपटत नाही. हा आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे विचारावे. भार पडल्यावर पाटे बसतात आणि उंची कमी होते.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी की पुढच्या, हेही पाहावे. हौद्यात माल असताना आणि चढ असताना वजन मागे सरकते. मागची चाके ढकलणारी असतील तर पकड वाढते. पुढची चाके ओढणारी असतील तर नेमक्या वेळी ती हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागीच फिरतात.

टायरवरची अक्षरे

टायरच्या बाजूवर सगळी माहिती छापलेली असते, पण ती वाचणारे थोडे. २१५/७५ आर १५ असे लिहिले असेल तर २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास इंचात. त्यापुढचा आकडा भाराचा असतो. तो किलोचा नव्हे, तर तक्त्यातला अंक असतो. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो. शेवटचे इंग्रजी अक्षर वेगाची मर्यादा सांगते.

गाडी उंच दिसावी म्हणून पुष्कळजण २१५ च्या जागी २३५ चा टायर चढवतात. हिशेब करून पाहा. चाकाचा व्यास ७०३ वरून ७३३ मि.मी. होतो. गाडी दीड सेंटिमीटर उंच होते खरी, पण चाकाची ओढ चार टक्क्यांनी घटते आणि काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या पुढे असते. मडगार्डला घासणे वेगळेच.

जुना टायर घेताना चार अंकी तारीख शोधावी. २३२४ लिहिले असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टायरचे रबर कडक होते.

मायलेज आणि खरा खर्च

कंपनीच्या कागदावरचे मायलेज चाचणीतले असते. घाटातले आपण स्वतः काढावे. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, नेहमीच्या फेऱ्या करा आणि पुन्हा काठोकाठ भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. असे तीन वेळा करून सरासरी धरा. सीएनजीचे मायलेज लिटरला नसून किलोला असते. तिच्या टाकीवर ६० लिटर लिहिलेले असते ते पाण्याचे माप आहे. त्यात गॅस आठ ते दहा किलोच मावतो.

तरीही नुसते मायलेज पाहून गाडी ठरवू नये. क्विंटलमागे किती डिझेल जाते ते पाहावे. समजा, छोटा टेम्पो लिटरला १५ आणि पिकअप ११ किलोमीटर देतो. फेरी १०० किलोमीटरची आहे. टेम्पोला ६.७ लिटर आणि पिकअपला ९.१ लिटर लागले. टेम्पोत ६२० किलो आणि पिकअपमध्ये १५०० किलो माल असेल तर क्विंटलमागे टेम्पोला १.०८ लिटर, पिकअपला फक्त ०.६१ लिटर. पण आपला माल रोज ५०० किलोच असेल तर टेम्पोला १.३३ आणि पिकअपला १.८२ लिटर. मोठी गाडी त्यालाच परवडते ज्याच्याकडे ती भरण्याइतका माल आहे.

कर आणि आकडे

बहुतेक लहान प्रवासी गाड्या ४ मीटरच्या आत आणि इंजिने ११९७ किंवा १४९३ सीसीची का असतात? हे आकडे कराने घडवलेले आहेत. ४ मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. मालवाहू गाड्यांवरचा करही त्याच दिवशी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

यात व्यापाऱ्याच्या कामाची एक गोष्ट आहे. नियमित जीएसटी भरणाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवरच्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ती मिळत नाही. प्रवासी गाडी धंद्यासाठी वापरली तरी साधारण दुकानदाराला तिच्यावर वजावट नाही. गाडी बुक करण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे, नंतर विचारून उपयोग नाही.

खरेदीला जाताना

एका कागदावर पाच ओळी लिहून न्या. रोजचा माल किती किलो? तो जड आहे की फुगणारा? वाटेत घाट किती आणि कच्चा रस्ता किती? गाडी उभी करायची जागा किती रुंद? महिन्याला फेऱ्या किती? मग विक्रेत्याच्या कागदावरून एकूण वजन, रिकामे वजन, हौद्याचे माप, ओढ आणि तिचे आरपीएम, ग्राउंड क्लिअरन्स आणि टायरचा भार हे आकडे समोर मांडा. जुनी गाडी असेल तर आर.सी.वरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा, फिटनेस आणि विमा पाहा, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते तपासा. शेवटी मालकाला विनंती करून नेमका भार भरा आणि घाटातच चालवून पाहा. सपाट रस्त्यावर सर्वच गाड्या चांगल्या चालतात.

आपले कारागीर बंधू कापड बोटाने चाचपून पाहतात, लाकूड ठोकून पाहतात, सोने कसोटीवर घासून पाहतात. गाडीची कसोटी तिच्या कागदावर छापलेली असते. ती वाचायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासावर पुढच्या दहा वर्षांची कमाई अवलंबून असते. कर्ज काढून घेतलेली गाडी घाटात उभी राहिली तर हप्ता मात्र उभा राहत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.